नसलेली शिट्टी

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाला, राग आला की कागदावर उतरवा, प्रेशर खाली येईल. आज त्याचाच आला आहे, तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करतो. दीड तास बाकावर बसवून ठेवलं आणि आत गेल्यावर पाच मिनिटंही दिली नाहीत. वर तोंडाला मास्क लावून पुटपुटतो. निघताना स्वतःच्या कानाला हात लावून काहीतरी म्हणाला. मी मान हलवली. हल्ली सगळेच पुटपुटतात, स्पष्ट बोलायची पद्धतच गेली. मान हलवली की लोकांचं समाधान होतं आणि माझी सुटका होते.

ही डायरी बॅटरीच्या डीलरने फुकट दिली आहे. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा सुविचार क्षमेवर आहे. त्यावरूनच लिहितोय.

तर राग मुख्यतः धाकट्याचा. अठरा वर्षं आम्ही दोघे भाऊ एका दुकानात गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवत होतो. वायर कशी सोलायची इथपासून त्याला मी शिकवलं. गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी मी घरून जेवून आलो, तर हा पठ्ठ्या मी सकाळी पूर्ण केलेल्या गाडीत बसून माझ्या वायरींच्या पट्ट्या कापत होता. मी वायरींना एकेक मोजून बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या! इंजिन चालू ठेवलेलं. मी म्हटलं, काय चाललंय? तर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून माझ्या तोंडाकडे बघत म्हणतो, "दादा, तुला ऐकू येत नाही का!"

गिऱ्हाईक बाजूला उभं. हे वाक्य थोरल्याने धाकट्याला म्हणायचं असतं. लहानपणी मी त्याला हजारदा म्हटलंय. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, चालता हो. त्याने किल्ली सीटवर ठेवली आणि निघाला. महिन्याभरात याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला, त्याने स्वतःचं शटर उघडलं. माझ्या दुकानातून त्याची पाटी दिसते. त्यावर अक्षरंसुद्धा वाकडी आहेत.

प्रेशर काही उतरल्यासारखं वाटत नाही.

८ जानेवारी, बुधवार

दातांचा डॉक्टर गाडी परत घेऊन आला. पंधरा दिवसांपूर्वी याच्या डिकीत मी ॲम्प्लिफायर बसवला होता. म्हणे, "शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाते. दिवसभर दवाखान्यात तसलाच आवाज असतो हो, गाडीत तरी नको."

ही शिट्टी मला नवी नाही. इंजिन बॅटरी चार्ज करतं, त्याचा आवाज गाण्याच्या वायरीत शिरतो आणि स्पीकरमधून शिट्टी वाजते. पूर्वी आम्हाला त्याने जेरीस आणलं होतं. आता सामानच सुधारलं, गेल्या सात-आठ वर्षांत मी ती शिट्टी ऐकलेली नाही. तरी त्याच्या शेजारी बसलो. इंजिन चालू केलं, आवाज शून्यावर नेला, ॲक्सिलरेटर दाबला. एकदम शांत. तो म्हणतो, "ही बघा, ही!" आणि बोट वर वर नेत दाखवतो. मी मीटर लावला. व्होल्ट बरोबर, फ्यूज बरोबर.

"अर्थ पण चोख घेतलाय," मी म्हटलं.

"अर्थ घेतला म्हणजे?"

याला अर्थाचा अर्थही समजावला. ॲम्प्लिफायरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात, त्याला अर्थ घेणं म्हणतात. बाकीचे लोक अर्थ लावतात, आम्ही घेतो. तो हसला नाही. "पण शिट्टी आहे," एवढंच म्हणून गेला.

त्या यंत्राचा आवाज ऐकून ऐकून याचेच कान गेले असणार. स्वतःला कळत नाही बिचाऱ्याला.

११ जानेवारी, शनिवार

माझ्या कामाबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर मी फ्यूज लावतो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला भोक पाडलं तर त्यात रबर बसवतो, म्हणजे पत्र्याची धार वायर कापत नाही. जाड लाल वायर डाव्या दारांच्या उंबरठ्याखालून डिकीपर्यंत. तिच्यासोबत स्टिरिओकडून येणारी गाण्याची वायर आणि ॲम्प्लिफायर चालू करणारी बारीक निळी वायर. तिन्ही एकत्र, एकाच जुडग्यात, दर चार बोटांवर काळी पट्टी, पट्टीची शेपटी कापलेली. फोटो काढावा असं काम. लोक काढतातही.

गाण्याची वायर लाल वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्यायची असं शिकवतात. मीही पूर्वी तसंच करायचो. मग एकदा घाईत दोन्ही एकत्र बांधून पाहिल्या, काही फरक पडला नाही. शिट्टी नाही, काही नाही. तेव्हापासून एकच जुडगा. कशाला दोन्हीकडचे गालिचे उचकटायचे? धाकट्याला हे कधीच पटलं नाही. त्याचं काम म्हणजे नुसतं गुंतवळ, एक वायर इकडून, एक तिकडून. आणि तोच माझ्या पट्ट्या कापणार.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. तो दुकानात होता तोवर एकही तक्रार नव्हती. तो गेला आणि तक्रारी सुरू झाल्या. म्हणजे तक्रारी कुठून येतात हे सांगायला ज्योतिषी नको.

१५ जानेवारी, बुधवार

घरी कटकट. ही शेजारी गेली होती. जाताना म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसलो, पण लक्ष तिकडेच. एकही शिट्टी झाली नाही. ही परत आली तर घरभर जळका वास आणि बटाट्यांचा कोळसा.

"अहो, तुम्ही घरातच होतात ना?"

"शिट्टीच झाली नाही तर मी काय बंद करू?"

तिने रिमोट उचलला. मग टीव्हीचा आवाज कमी केला, इतका की बातम्या देणारा नुसताच तोंड हलवायला लागला. मी म्हटलं, कुकर बिघडलाय. लगेच जाऊन नवी शिट्टी आणली आणि ओट्यावर आपटली.

कमाल आहे. घरच्या कुकरला असायला हवी ती शिट्टी नाही, आणि दुकानात नसलेली शिट्टी लोकांना ऐकू येते.

१९ जानेवारी, रविवार

गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. तीच तक्रार. "सुरात तरी असती तर चालवून घेतली असती," म्हणाल्या. पुन्हा शेजारी बसलो, पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा शांतता. मी बाईंना स्पष्ट सांगितलं की तुम्हाला कोणीतरी पढवून पाठवलंय. त्यांनी ओठ घट्ट मिटले, गाडी सुरू केली आणि सरळ रस्ता ओलांडून धाकट्याच्या दारात नेऊन लावली. माझ्या डोळ्यांदेखत!

अर्ध्या तासाने गाडी बाहेर आली. बाई हसत होत्या. धाकटा दारात उभा राहून फडक्याला हात पुसत माझ्या दुकानाकडे बघत होता. मी शटर अर्धं खाली ओढलं.

म्हणजे कारस्थान कसं चालतं ते कळलं. आधी माझ्या गिऱ्हाइकांना गाठायचं, कान फुंकायचे, शिट्टी येते म्हणून पाठवायचं. मग स्वतःच बरी करायची, जी नव्हतीच. दातांचा डॉक्टरही तिकडेच जाऊन आला असेल.

घरी येताना मागचा स्कूटरवाला ओरडत आला, "काका, इंडिकेटर!" कधीचा चालू होता म्हणे. नव्या गाड्यांच्या इंडिकेटरला आवाजच ठेवत नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

शोरूमचा मॅनेजर स्वतः दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्याकडून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या ॲम्प्लिफायरचं काम यापुढे एकाच दुकानाला द्यायचं ठरलंय. या रस्त्यावरच्या एकाला.

"तुमचं काम मी पाहिलंय, देखणं असतं," म्हणाला. "पण हल्ली कानावर येतं काहीबाही. म्हणून एक नवी गाडी तुम्हाला देतो. बसवून दाखवा. पसंत पडलं तर करार तुमच्याशी. नाही पडलं तर समोर."

समोर. त्याने हनुवटीने धाकट्याची पाटी दाखवली.

खरं लिहायचं तर मला हे काम हवंच आहे. सुट्टं गिऱ्हाईक कमी होत चाललंय. शोरूमचं काम समोर गेलं तर या रस्त्यावर ॲम्प्लिफायर म्हटलं की धाकट्याचंच दुकान, आणि मी बसायचं हॉर्न आणि वायपर बदलत. मी काढून टाकलेल्या माणसाने मला माझ्याच धंद्यातून काढायचं? ते मी होऊ देणार नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरी आलो तर ओट्यावर चहाचे दोन कप विसळून पालथे. विचारलं, कोण आलं होतं? ही आधी भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "भावोजी आले होते."

माझ्या घरात, मी नसताना.

"तुम्ही असताना कसे येतील? शोरूमच्या गाडीचं त्यांना कळलंय. एवढंच सांगा म्हणाले दादाला, गाण्याची वायर दुसऱ्या बाजूने ने आणि सीटच्या बोल्टवरून अर्थ घेऊ नकोस, रंग खरवडून उघड्या पत्र्यावरून घे."

मी हसलोच. म्हणजे मी माझा सुबक जुडगा सोडायचा, नव्या कोऱ्या गाडीचा रंग खरवडायचा, मॅनेजरला ते गुंतवळ दाखवायचं आणि करार घालवायचा. काय डोकं चालतं! आणि निरोप कोणाच्या हातून, तर माझ्याच बायकोच्या.

"तू त्याला चहा पाजलास?"

"अठरा वर्षं पाजला. आणि एक सांगू का," ती म्हणाली आणि पुढे खालच्या आवाजात काहीतरी बोलली. मी मान हलवली. तिने हातातलं फडकं ओट्यावर टाकलं आणि आत गेली. आता मान हलवलेलीही चालत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

तीन दिवस त्या गाडीवर होतो. दुसरं काम घेतलं नाही.

असं काम मी आजवर केलं नव्हतं. तांब्याची अस्सल वायर. बॅटरीजवळ फ्यूज असा बसवलाय की कंपनीतूनच आलाय वाटावं. जुडगा उंबरठ्याखाली सरळ रेषेत. पट्टीपट्टीतलं अंतर मी पट्टीने मोजलं. अर्थ मागच्या सीटच्या बोल्टवरून घेतला. तिथे बोल्ट आयता मिळतो, नव्या गाडीचा रंग खरवडायला लागत नाही. स्टिरिओचा आवाज आणि ॲम्प्लिफायरचा आवाज एकमेकांना जुळवून घेतले. मग आवाज शून्यावर नेऊन इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून बसलो. शांतता. देवळात बसल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पाणी पुरवणारा माणूस बाटल्या ठेवायला आला. गाडीजवळून जाताना त्याने तोंड वेडंवाकडं केलं. म्हटलं, काय झालं? "काही नाही शेठ," म्हणाला आणि सटकला. हाही समोर पाणी पुरवतो.

शनिवारी गाडी दाखवायची आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हिला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. तिचं घर शोरूमच्या पुढे, म्हणून मागच्या सीटवर बसवून घेतली. म्हटलं, मॅनेजरला गाडी दाखवतो, मग तुला रिक्षात बसवून देतो. शोरूमच्या अंगणात मॅनेजर वाट बघत उभा होता. तो ड्रायव्हरच्या जागी बसला, मी शेजारी. आधी त्याने डिकी उघडून काम पाहिलं होतं. "वा," म्हणाला होता. खिशातून फोन काढून फोटोही घेतला होता.

गाणं लावलं. त्याने मान डोलावली. मग मीच म्हटलं, "आता आवाज शून्यावर न्या आणि ॲक्सिलरेटर दाबा." माझ्या मनात होतं की सगळ्या अफवांचा निकाल इथेच लावायचा.

त्याने दाबला. सुई वर गेली. त्याचा चेहरा आक्रसला. त्याने पाय काढला, पुन्हा दाबला, चेहरा पुन्हा तसाच.

"बघा," मी म्हटलं, "किती शांत."

"थट्टा करताय का?"

"कसली थट्टा?"

"अहो, कानात सळई घातल्यासारखी शिट्टी येतेय!"

याला पण फोडला, हा पहिला विचार. इतका मोठा माणूस, करार हातात असलेला, त्यालाही धाकट्याने फोडला! डोक्यात नुसता जाळ झाला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही त्याचे, मला कळलं. पण इथे एक साक्षीदार आहे. हिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. हिला विचारा. "तू सांग," मी म्हटलं आणि मागे वळलो. मॅनेजरचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

हिच्या दोन्ही कानांत बोटं होती.

माझं लक्ष गेलं तशी तिने पटकन हात खाली घेतले आणि पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. पर्समध्ये शोधण्यासारखं काहीही नव्हतं.

मॅनेजर हळू आवाजात काहीतरी बोलला. मी मान हलवली. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं: "बुधवारी संध्याकाळपर्यंत शिट्टी घालवून आणा. नाहीतर गाडी समोर देतो."

त्याचा हात मी झटकला. गाडी घेऊन परत आलो. बहिणीकडे जाणं राहिलंच. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही, किंवा ती बोलली असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कुकर लावायला सांगितला. काय शिजवायचं, तिने विचारलं. म्हटलं, काहीही, पाणी घाल नुसतं. ओट्यासमोर स्टूल घेऊन बसलो. नवी शिट्टी मीच आणलेली. थोड्या वेळाने ती हलली, उचलली गेली, वाफेचा फवारा वर उडाला. आणि मला फक्त फुस्स असं ऐकू आलं, सायकलची हवा जावी तसं. ती चांगली बोटभर वर उचलली गेलेली, थरथरत होती. मी डोळ्यांनी शिट्टी पाहिली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सात-आठ वर्षं झाली असतील." ती माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलत होती. गेले कित्येक महिने ती अशीच बोलते, मला वाटायचं भांडायला येते.

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. कितीदा. तुम्ही मान हलवायचात, नाहीतर ताट भिरकावायचात. डॉक्टरने कानाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं, तेव्हाही मान हलवलीत." मग म्हणाली, "भावोजींनी तर तोंडावर विचारलं होतं."

"विचारलं? टोमणा मारला त्याने."

"त्याच दिवशी इथे येऊन रडले ते. म्हणाले, वहिनी, मी नुसतं विचारलं तर दादाने हाकलून दिलं."

गेली सात-आठ वर्षं तो दुपारचा जेवायला घरी यायचा नाही. दुकानात गर्दी असते म्हणायचा, डबा मागवायचा. मी त्याला हावरट समजायचो. म्हणजे मी जेवायला गेलो की तो माझ्या गाड्यांमधली शिट्टी काढत होता. पट्ट्या कापायच्या, वायर वेगळी न्यायची, आणि मी येईपर्यंत वरून पट्ट्या बांधून जुडगा दिसेल असं करून ठेवायचं. म्हणून तक्रारी नव्हत्या. मी त्याला पकडलं ते त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून.

सहा जानेवारीचं पान काढून पाहिलं. त्याच्या वाक्यापुढे मी उद्गारचिन्ह दिलंय. त्याने दिलं नव्हतं.

याचाही राग येतोय. आता कोणावर काढू ते कळत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोणाच्या उपकाराशिवाय शिट्टी घालवायची ठरवलं. वायर वेगळी न्यायची हे मलाही येतं, माझ्याच शिकवणीतलं आहे ते. सगळा जुडगा उसवला. एवढं काम स्वतःच्या हाताने कापताना जीव जळाला. गाण्याची वायर उजव्या उंबरठ्याखालून नेली, लाल डावीकडे ठेवली. सीटच्या बोल्टवरचा अर्थ तसाच राहू दिला, नव्या गाडीचा रंग कोण खरवडणार? दुपार झाली.

मग इंजिन चालू करून बसलो आणि लक्षात आलं की मला कळणारच नाही. शिट्टी गेली असेल तरी शांतता, राहिली असेल तरी तीच शांतता.

हिला दुकानात बोलावून घेतलं. ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, ॲक्सिलरेटर दाबला. "आहे का?"

"नाही," ती म्हणाली. लगेचच म्हणाली.

"नीट ऐक. आहे का?"

"थोडीशी... नाही. नाहीच बहुतेक."

"आहे की नाही? एक काय ते सांग!" मी ओरडलो असेन. तिने दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही चिडाल म्हणून नाही म्हणतेय की खरंच नाही, माझं मलाच कळेनासं झालंय. इतक्या वर्षांत सवयच गेली हो, तुम्हाला जे आहे ते सांगायची."

ती गेल्यावर पाणीवाल्याला बोलावलं. त्याने गाडीत डोकं घातलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "एकदम झकास, शेठ." मागच्या वेळी तोंड वाकडं करून हाच गेला होता.

या रस्त्यावर माझ्या तोंडावर खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी चालता हो म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारपर्यंत उगाच दुकान झाडत बसलो. मग गाडी काढली आणि रस्ता ओलांडला. एवढंसं अंतर, घाम फुटला.

धाकटा एका गाडीच्या डॅशबोर्डखाली शिरला होता. फक्त पाय बाहेर. माझे बूट दिसले असावेत, पाय हलायचे थांबले. थोड्या वेळाने तो बाहेर आला. केस पांढरे झालेत त्याचे कानाजवळ. दादा म्हणाला नाही.

"काय काम आहे?"

मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "तू ऑक्टोबरात मला काहीतरी विचारलं होतंस. उत्तर द्यायला आलोय."

"काय विचारलं होतं?"

"नाही येत," मी म्हटलं.

त्याच्या हातात पक्कड होती, ती त्याने उगाच उघडमीट केली. माफी वगैरे मी मागितली नाही, त्यानेही काही विचारलं नाही. डोळे मात्र त्याचे भरले, आणि ते मला दिसू नयेत म्हणून तो माझ्या गाडीच्या बोनेटकडे बघायला लागला. मला त्याचाही राग आला. तीन महिने समोर बसून हा माझ्याकडे नुसता बघत होता, येऊन चार शिव्या द्यायच्या होत्या! मग आठवलं की मी शटर अर्धं ओढून घ्यायचो.

त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. गाडीत बसला, आवाज शून्यावर नेला, ॲक्सिलरेटर दाबला. मी मीटर बघितला नाही, त्याचा चेहरा बघत राहिलो. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडली.

"आहे अजून," तो म्हणाला. एवढं मला ओठांवरून कळलं.

'चालता हो' अगदी जिभेवर आलं. पण दुकान त्याचं होतं.

तो खाली उतरला, मागचं दार उघडलं, सीटखाली टॉर्चचा उजेड टाकला आणि माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोलला. मी सवयीने मान हलवायला लागलो. अर्धी हलवली आणि थांबवली.

"काय?" मी म्हटलं. "मोठ्याने बोल. ऐकू आलं नाही."

तो वळला. तोंडासमोर तोंड आणून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "तू अर्थ चुकीचा घेतलायस, दादा!"

समोरून जाणारे दोघं वळून बघायला लागले. मी पाना मागितला आणि सीटचा बोल्ट सैल करायला बसलो.